वळूचा राग उतरवणारा सातवा

बिशपनं पुढचे गुडघे टेकले आणि बॅलिगोरानच्या गुरांच्या बाजारात तीनशे शेतकऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

बिशप म्हणजे कुणी धर्मगुरू नव्हे. अकराशे किलोंचा, पांढराधोप, शारोले जातीचा वळू. वंशावळीच्या दाखल्यावर त्याचं नाव दोन ओळी भरेल एवढं लांब, आजोबा-पणजोबांना मिळालेल्या पदकांची यादी त्याहून लांब. असल्या वळूपासून झालेली वासरं खाटकाकडे सोन्याच्या भावानं जातात. आणि आज हा राजबिंडा गडी लोकरीच्या तांबड्या धाग्याला बांधून रिंगणात आला होता. धागा धरला होता एका काटकुळ्या, काळ्या कोटातल्या माणसानं. त्याला सगळे 'सातवा' म्हणत.

"मी सातव्या मुलाचा सातवा मुलगा!" सातवा ओरडला. "जन्मलो तेव्हा माझ्या तळहातावर गांडूळ ठेवलं, ते जागच्या जागी मेलं! माझ्या हातात गुण आहे. या जनावराच्या कानात मी सात शब्द सांगितले, विहिरीचं पवित्र पाणी कपाळाला लावलं, आणि त्याचा राग या मातीत उतरवला. आता तान्ह्या पोरानं शेपटी ओढली तरी हूं की चूं करणार नाही!"

"बिचारं गांडूळ," ऊना पुटपुटली.

"गप्प बस," शेजारी बसलेला तिचा बाप डॉमनिक म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "पाहिलंस? तुझ्या पुस्तकांत आहे का असलं काही?"

"आहे ना, डॅडी. गुंगीच्या औषधांच्या धड्यात आहे."

ऊना गेली अकरा वर्षं शेजारच्या परगण्यात गुरांची डॉक्टर होती. डॉमनिक त्र्याहत्तरचा. एक खुबा निकामी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि डोंगराकडेच्या घरात चौदा गायी नि हा एकटा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वळूंसाठी हात जोडले, आता मरण्याआधी एकदा तरी दाखलेवाला वळू आपल्या दारात उभा राहावा, एवढीच त्याची हौस. बिशपसाठी त्याची बोली लागून चुकली होती आणि वर जाणारा एकही माईचा लाल दिसत नव्हता.

दिसणार कसा? डिसेंबरात याच बिशपनं मालकाच्या, म्हणजे कॉस्टेलोच्या गड्याला भिंतीशी दाबून चार बरगड्या मोडल्या होत्या. निम्म्या बाजाराला हे ठाऊक होतं. पण बॅलिगोरानची एक रीत आहे: रिंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या जनावराला नाव ठेवायचं नाही. एखाद्याच्या बायकोला नाव ठेवलं तर एक वेळ खपेल, त्याच्या वळूला ठेवलं तर सात पिढ्यांचं वैर. या गोड शिष्टाचाराच्या आड कॉस्टेलोसारखी बांडगुळं पोसली जातात. ज्यांना माहीत होतं ते छताकडे बघत होते, आणि ज्याला माहीत नव्हतं तो म्हातारा हात वर करत होता.

"नवा धनी कोण होणार?" सातव्यानं डॉमनिककडे मधाळ नजर टाकली. "बाबा, एकच पथ्य. घरी नेताना दोर तुम्हीच धरायचा, एकट्यानं. दुसऱ्याचा हात लागला की मंत्र बिघडला!"

 ऊनानं वळूकडे नीट पाहिलं. मान खाली लोंबलेली. तोंडातून लाळेच्या तारा. कान पडलेले, पापणी लवत नाही. आणि शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, रक्ताचा एक ताजा ठिपका. रक्त तपासायला ती स्वतः रोज जिथं सुई घालत होती, अगदी तिथंच.

ती उठून उभी राहिली. "मॅलकी, लिलाव थांबव! या जनावराला गुंगीचं इंजेक्शन दिलंय."

 एकच हलकल्लोळ झाला.

"लाज वाटते का गं?" "दुसऱ्याच्या वळूला नाव ठेवतेस?" "कॉलेजात हेच शिकवलं का?"

"बस खाली!" डॉमनिकनं तिची बाही ओढली. "चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला."

"तोंड राहील, डॅडी. बरगड्यांचं सांगता येत नाही."

बोली पुकारणारा मॅलकी हाच बाजाराचा व्यवस्थापक. चमत्काराची त्याला भीती नव्हती, परवान्याची होती. नोंद न करता औषध दिलेलं जनावर विकलं गेलं तर टाळं त्याच्या बाजाराला लागणार होतं. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"रक्त काढून बघायचं का?" त्यानं विचारलं.

"रक्त काढलंत तर मंत्र फुटेल!" सातवा किंचाळला. "आधीच बाईची नजर पडलीय!"

"नाही काढत," ऊना म्हणाली. "मला एवढंच सांगा, तुमचा मंत्र किती टिकतो?"

"मरेपर्यंत!"

"कुणाच्या?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मरेपर्यंत टिकतो ना, मग दुपारी दोनपर्यंत टिकायला हरकत नसावी," ऊना म्हणाली. "अकरा वाजलेत. वळूला मागच्या खोड्यात, त्या लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात, ठेवू. दोन वाजता सातवे महाराज आत जातील आणि हाच तांबडा धागा बांधून त्याला बाहेर आणतील. आणलं, तर सगळ्यांसमोर माफी मागेन आणि वळूची किंमत मी भरीन. घोडामैदान जवळच आहे."

आता 'नको' म्हणायची कॉस्टेलोची सोय उरली नाही.

तीन तास माणसं खोड्याभोवती उभी होती. हॅमचे सँडविच आले, चहाचे मग फिरले. ऊनाजवळ मात्र कुणी फिरकलं नाही. बापसुद्धा पाठ करून उभा होता. साडेबाराला बिशपची लाळ थांबली. एक वाजता कान उभे झाले. दीडला त्यानं पहिला फुत्कार टाकला, तेव्हा पुढच्या रांगेतले शहाणे आपोआप मागच्या रांगेत गेले. दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यानं डोकं खाली घालून दारावर जी धडक दिली, तिनं वरची बिजागरी उपटून आली आणि मनगटाएवढा जाड गज कमरेत वाकला.

"सातव्या," मॅलकी म्हणाला, "जा बाबा आत."

"शंकेखोर लोकांत गुण चालत नाही," सातवा एक पाऊल मागं सरकला.

"शंका आम्ही इथं बाहेर धरून ठेवतो. तू जा ना!"

"आज शनिवार... वारा उलटा आहे..."

"मग त्या गांडुळासारखा यालाही नुसता हात तरी लाव!" कुणीतरी ओरडलं आणि मग जे हसू फुटलं, त्यात सातव्याला पळता भुई थोडी झाली. कॉस्टेलोची गाडी केव्हाच निघून गेली होती.

ऊना दाराच्या वाकलेल्या गजाशी उभी राहिली. "यात गूढ काही नाही. 'मंत्र' घालताना तो जनावराजवळ कुणाला येऊ देत नाही, कारण त्याला शेपटीखाली सुई टोचायची असते. औषध पाच मिनिटांत चढतं, जनावर गुडघे टेकतं, आपल्याला भक्ती दिसते. दोन-तीन तासांत औषध उतरतं. तोवर सौदा झालेला असतो आणि वळू दुसऱ्याच्या दारात असतो. 'दोर एकट्यानं धर' हे पथ्य अशासाठी, की जागं झालेलं जनावर बघायला साक्षीदार नको."

"डिसेंबरात कॉस्टेलोच्या गड्याच्या बरगड्या यानंच मोडल्या," मागून कुणीतरी आता कबूल केलं. डॉमनिक त्या वाकलेल्या गजावरून हात फिरवत होता. गज त्याच्या छातीच्या उंचीवर होता. "घर दोन तासांवर," तो स्वतःशीच म्हणाला. "जेवून निघालो असतो. म्हणजे आंगणात मी ट्रेलरचं दार उघडलं असतं, तेव्हा हा असा."

गर्दीतून उपाहारगृहातली नुआला पुढं आली. ओले हात ॲप्रनला पुसत होती. तिचा नवरा ओवेन तीन वर्षांपूर्वी वळूनं मारला होता, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

"आमचा वळूही त्यानंच शांत केला होता," ती म्हणाली. "बाजारातून आणला त्याच दिवशी संध्याकाळी ओवेन गेला. मातीला आला होता सातवा. म्हणाला, ओवेनच्या मनात शंका होती, म्हणून मंत्र फुटला. तीन वर्षं मी ओवेनला दोष दिला हो. तो गोठ्यात जायला कचरत होता. मीच म्हटलं, जा, सातव्यानं हात फिरवलाय."

ती ऊनाकडे वळली.

"डॉक्टर, आम्ही किती वेळ थांबायला हवं होतं?"

 अकरा वर्षांत ऊनानं कितीतरी मेलेली जनावरं मालकांना दाखवली होती, पण या उत्तरासाठी तिनं बापाकडे पाहिलं.

"तीन तास, नुआला," डॉमनिक म्हणाला. "नुसते तीन तास." मग त्यानं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि खोड्याभोवतीच्या माणसांकडे वळला. ऊनानं त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ऐका रे सगळे! मी दुसऱ्याच्या वळूला नाव ठेवतोय. हा वळू माणूस मारणारा आहे. तुम्हा निम्म्या लोकांना सकाळी अकरालाही ते माहीत होतं. माझा हात वर होता आणि तुम्ही छत मोजत होता. त्या चोरानं सुई टोचली, पण माझी माती तुमच्या गप्प बसण्यानं झाली असती. यापुढं कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला तीन तास थांबायला लावा, आणि थांबता थांबता जे माहीत आहे ते तोंड उघडून सांगा."