दोकराक गल्लीतली दुमजली बस

दुमजली बस दिवसातून सहा वेळा दोकराक गल्लीतून जायची आणि सहाही वेळा तिच्या वरच्या मजल्यावरचे लोक लमदुआनच्या नवऱ्याला उघडा पाहायचे. यात कुणाचा डाव वगैरे नव्हता. बसचा बिनछपराचा मजला आणि लमदुआनच्या माडीची खिडकी एकाच उंचीवर होती, एवढंच. मोठा रस्ता पाइपांसाठी खोदला तेव्हा बस या गल्लीत शिरली आणि खड्डे बुजले तरी हलली नाही, कारण कंपनीतल्या कुणा शहाण्याला आमची गल्ली फोटोजोगी वाटली. बँकॉकच्या त्या भागात पोपडे उडालेल्या भिंती आणि लोंबणाऱ्या वायरींखेरीज काय आहे, ते आम्हाला तरी माहीत नाही.

बस गुलाबी होती. तिच्यावर काळा चष्मा घातलेला हत्ती रंगवला होता. सकाळी एकदा तिकीट काढायचं, हवं तिथं उतरायचं, मागून येणाऱ्या गाडीत पुन्हा चढायचं, असा तो प्रकार. परदेशी पाहुणे देवळात सात मिनिटं घालवायचे आणि नारळपाण्यात वीस. संध्याकाळपर्यंत आपण सगळं शहर पाहिलं असं समजून झोपायला जायचे.

लमदुआनचा नवरा बुनलर्त हा भिक्खूंची चीवरं शिवणारा शिंपी. भातखाचरांना बांध घालावेत तसे तुकडे जोडून चीवर शिवतात आणि चाळीस वर्षांत बुनलर्तचा बांध कधी सुतभर वाकडा गेला नव्हता. इतका टापटिपीचा माणूस की बायकोच्या बहिणी आल्या तरी बनियनवर बाहेर यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता एप्रिलच्या उकाड्यात तो खिडकीशी पलंगावर नुसत्या डायपरवर पडलेला असायचा. अंगावर फार वेळ कापड राहिलं की पुरळ उठायचं आणि खिडकी लावली की माडीची भट्टी व्हायची. लमदुआननं दोन दिवस खिडकी लावून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला. पडदा लावला, तो त्यानं डाव्या हातानं ओढून पाडला. वारा हवा असेल, असं तिनं धरलं.

"बसच्या वेळेला पाच मिनिटं सदरा घालत जा ना त्यांना," समोरची सुप्रानी म्हणाली.

"का म्हणून? हे बावळट बघणार म्हणून मी माझ्या नवऱ्याला नटवू?" लमदुआन उसळली. "त्यापेक्षा त्या बसवाल्यांनाच डोळे झाकायला शिकव."

तिचं खाली दुकान होतं, बसच्या वेळेला ती बहुधा तिथंच असायची. भिक्खूंना दान द्यायच्या पिवळ्या बादल्या ती भरून विकायची. साबण, टूथपेस्ट, विजेरी, छत्री आणि वर घडी घातलेलं चीवर. बाकीचे दुकानदार तळाशी रद्दी कोंबून बादली भरल्यासारखी दाखवतात. लमदुआनच्या बादलीत रद्दी नसायची, म्हणून तिचा आवाज गल्लीत जरा चढा असायचा.

एका मंगळवारी ती पेजेचा वाडगा घेऊन माडीवर गेली, तेव्हा बस खिडकीशीच अडकली होती. पुढं हातगाडी आडवी आली होती. वर एक गोरा गृहस्थ कठड्यावर अनवाणी पाय टाकून बसला होता. तळवे थेट समोरच्या दुकानातल्या बुद्धमूर्तींकडे. त्याच्या शेजारच्या बाईनं हातभर लांबीचा कॅमेरा उचलला आणि बुनलर्तवर रोखला. लमदुआनच्या अंगाचा तिळपापड झाला. वाडगा ठेवून ती खिडकीत आडवी उभी राहिली. बाईनं तिचाही फोटो काढला आणि वर ‘थँक्यू’ म्हणाली.

त्याच संध्याकाळी लमदुआननं आपल्या सज्ज्यापासून सुप्रानीच्या सज्ज्यापर्यंत दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दोघींच्या मिळून चौदा पाथुंग वाळत पडल्या. पाथुंग म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते. भरीला सुप्रानीचे दोन जुने परकर.

दहाच्या सुमाराला बस गल्लीच्या तोंडाशी आली आणि करकचून थांबली. ड्रायव्हर प्रचुआप उतरून चालत आला. मान वर करून त्यानं दोरी पाहिली आणि चार पावलं मागं सरकला.

"मावशी, काढा की ते."

"काय काढू?"

"ते… वरचं."

"कपडे धुतले, वाळत घातले. गल्ली तुझ्या बापाची आहे काय?"

"असं काय करता? माझ्या गळ्यात नऊ ताईत आहेत. ट्रक उलटला तेव्हा यातल्या एकानं मला जिवंत बाहेर काढलंय. बायकांच्या कमरेखालच्या कपड्याखालनं गेलो की सगळ्यांची ताकद गेलीच म्हणून समजा. मग मी कुणाच्या भरवशावर गाडी चालवू?"

"ब्रेकच्या."

"थट्टा नको मावशी."

"थट्टा तुम्ही लावलीय. रोज सहा वेळा."

तेवढ्यात पाहुण्यांना वाटलं हाच थांबा. ते भराभरा उतरले. दोरीवरच्या पाथुंग म्हणजे कसला तरी उत्सव असणार असं त्यांनी ठरवून टाकलं आणि खाली उभे राहून एकमेकांचे फोटो काढले. एका आजोबांनी तर सुप्रानीच्या परकराचं टोक डोक्याला लावून घेतलं. प्रचुआपनं डोळे मिटून घेतले. शेवटी बस रिव्हर्समध्ये काढावी लागली. त्यात वीस मिनिटं गेली, आणि मागं अडकलेल्या टुकटुकवाल्यांनी प्रचुआपच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा मॅनेजर आला. नाव कृत्सदा. वय तिशीच्या आतबाहेर, गळ्यात टाय, केसांना तेलासारखं काहीतरी. कपाळाला आठ्या घालून तो गल्लीत शिरला.

"कुठल्या जमान्यात राहतो हो आपण, मावशी? चंद्रावर माणसं गेली, आणि आमचा ड्रायव्हर परकराला घाबरतो!"

"आणि तू?" लमदुआन म्हणाली. "दोरी आल्यावर रस्ता सोडून फुटपाथच्या कडेकडेनं वळसा घालून आलास. मी बघितलं."

कृत्सदानं शर्टाच्या वरच्या गुंडीला हात लावला. आत ताईत असणारच.

"सावली होती तिकडं," तो म्हणाला. "बरं, तुमचं म्हणणं काय?"

तिनं त्याला माडीवर नेलं. बुनलर्तकडे बोट दाखवलं. "हा माणूस चारचौघांत कधी बनियनवर आला नाही. त्याची तुम्ही जत्रा मांडलीत. बस दुसरीकडनं ने, दोरी खाली येईल. नाहीतर माझ्याकडं आणखी पाथुंग आहेत."

कृत्सदा वरमला, पण नोकरी त्याला सोडवेना. "मावशी, खरं सांगू? तुमच्या यजमानांकडे कुणी बघत नाही हो. तुमचा गैरसमज आहे. माझ्याबरोबर या, वरच्या मजल्यावर बसा, पूर्ण फेरी करा. एकानं जरी ह्यांच्याकडे पाहिलं तर उद्यापासून रस्ता बदलतो. शब्द देतो. पण कुणी पाहिलं नाही तर दोरी काढायची."

"बघतेच मी," लमदुआन म्हणाली. या पैजेत आपण हरणार असं तिच्या मनालाही शिवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एका फेरीपुरती दोरी उतरवली. सुप्रानी बुनलर्तपाशी बसली. लमदुआननं सुप्रानीची रुंद काठाची टोपी घातली, काळा चष्मा लावला, तोंडावर मास्क चढवला, आणि जन्मात पहिल्यांदा आपलंच शहर बघायला निघाली.

वर अकरा पाहुणे होते. प्रत्येक सीटला कानात घालायची नळी आणि आठ भाषांची बटणं. लमदुआननं थाई भाषेचं बटण दाबलं. एक गोड बाई बोलू लागली. चौकातला लाल झोपाळा म्हणे एका राजकन्येला झोके घ्यायची हौस होती म्हणून बांधला. लमदुआननं नळी काढून तिच्याकडे रागानं पाहिलं आणि परत कानात घातली. कालव्यात म्हणे शंभर वर्षांच्या मगरी आहेत. फुलबाजारात म्हणे पहाटे प्रेमी युगुलं येतात. पहाटे तिथं लमदुआन जायची आणि भाव पाडायला भांडायची. तिला युगुलं दिसली नव्हती.

आणि ही गोड बाई इतकं खोटं बोलत होती तरी ते कुणी ऐकत नव्हतं. एक जाडगेला तोंड उघडं टाकून झोपला होता. एक नवराबायको कुठं जेवायचं यावरून झोपाळ्यापासून नदीपर्यंत भांडत होती. एक मुलगी कधी देवळाकडे, कधी नदीकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती, जणू शहर तिच्या मागं उभं राहायला बांधलं होतं. इतका पैसा मोडून, विमानात बारा तास कोंबून घेऊन माणसं इथं येतात आणि स्वतःचं नाक बघून परत जातात, याची लमदुआनला मनापासून किळस आली.

मग बस दोकराक गल्लीत वळली. तिनं चष्मा वर सरकवला आणि पैज जिंकायला सरसावून बसली.

बुनलर्त उठून बसला होता.

घरी त्याला टेकवून बसवायला तिला रोज झटावं लागे. आता खिडकीचा गज डाव्या हातानं धरून त्यानं स्वतःला उचललं होतं. बस कोपऱ्यावर दिसली तशी त्यानं गज सोडला आणि हात वर केला. तोंडाची जेवढी बाजू हलत होती तेवढ्या बाजूनं तो हसत होता. वाऱ्यासाठी नव्हता पाडला त्यानं पडदा.

लमदुआननं वळून पाहिलं. जाडगेला झोपलेला. नवराबायको आता नूडल्सवर आली होती. मुलगी खिडकीकडे पाठ करून हसत होती, फोनकडे बघून. त्या मंगळवारच्या बाईनं निदान कॅमेरा तरी उचलला होता. आज अकरांतल्या एकानंही मान वळवली नाही. बुनलर्तचा हात वरच होता.

बस खिडकीला भिडली तेव्हा त्याला तेवढी एक बाई आपल्याकडे बघताना दिसली. टोपीवाली, मास्कवाली, कुणीतरी परकी. त्यानं हात खाली छातीशी आणला, बोटं जुळवली, आणि मान झुकवली. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो दोन्ही हात जोडून करायचा तसाच नमस्कार, फक्त अर्धा. दुसरा हात पलंगावर पडून होता.

लमदुआनचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. तिनं मान पार बोटांपर्यंत खाली घातली. वर पाहीतो बस पुढं गेली होती.

दोन वर्षं ती त्याला भरवत होती, पुसत होती, कुशीवर वळवत होती. एवढ्या काळात तिला असं हसू एकदाही मिळालं नव्हतं. खरं तर भरवताना तिच्याही तोंडावर आठ्याच असायच्या. तिला हेवा वाटला, तोही एका गुलाबी बसचा, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की उरलेली फेरी तिनं मास्क नाकावर घट्ट दाबून काढली.

शेवटच्या थांब्यावर कृत्सदा दात काढून उभा होता. "काय मावशी? बघितलं कुणी?"

"नाही."

"एकानं तरी?"

"एकानंही नाही बघितलं मेल्यांनी!" लमदुआन इतक्या जोरात ओरडली की प्रचुआप केबिनमधून बाहेर आला. "डोळे काय विमानतळावर जमा करून येतात? जिवंत माणूस हात करतोय, आणि ह्यांना नूडल्स सुचतायत!"

कृत्सदा गोंधळला. "म्हणजे… तुम्हाला कुणी बघायला नको होतं ना?"

"तू मला शिकवू नकोस. पैज हरले, दोरी चढणार नाही. पण त्या गोडबोलीच्या टेपमध्ये एक वाक्य घाल."

"कुठलं?"

"डाव्या हाताला हिरवी खिडकी. इथं चीवरं शिवणारे बुनलर्त राहतात. त्यांना हात करा."

"मावशी, टेप मंजूर करून घ्यावी लागते, वर साहेब आहेत—"

"राजकन्येचा झोपाळा कुणी मंजूर केला होता? मगरी कुणी केल्या? एवढं खोटं आठ भाषांत खपवता, त्यात एक खरं घालायला तुझ्या पोटात दुखतंय? चौदा पाथुंग घडी करून ठेवल्यात मी, फेकलेल्या नाहीत."

प्रचुआप घाईघाईनं म्हणाला, "साहेब, घाला."

टेप व्हायला नऊ दिवस लागले. तोवर प्रचुआप गल्लीत शिरला की हॉर्न वाजवून स्वतःच खिडकीकडे हात करायचा.

दहाव्या दिवशी लमदुआननं बुनलर्तला पांढरा सदरा चढवला, पाच मिनिटांपुरता. भांग पाडला. पाठीला उशी लावून शेजारी बसली. दहा वाजून सहा मिनिटं झाली तरी बस येईना.

"वेळेची अक्कल नाही ह्यांना," ती म्हणाली. "फुकटे कुठले."

बस आली. हिरवी खिडकी जवळ येताच वर सगळ्या माना एकदम वळल्या, मेंढरांसारख्या. वीसएक हात वर गेले. एक बाई तर उभी राहून दोन्ही हात हलवू लागली, वेडी. कुणाला काही कळलेलं नव्हतं, कानात सांगितलं म्हणून करत होते. बुनलर्तनं डावा हात उंच धरला आणि हसला, घशातून आवाज येईपर्यंत हसला.

बस वळून दिसेनाशी झाली, तरी ते हसू त्याच्या तोंडावरून गेलं नव्हतं. तसाच तो तिच्याकडे वळला. त्या बावळटांचं उरलेलं हसू होतं ते. लमदुआननं ते घेतलं.