नववीच्या तळाचे सत्तर

जानेवारी २००४ मध्ये शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, आणि तो चालवता येणारी एकच व्यक्ती शाळेत होती: श्रद्धा डंभारे. विदर्भातल्या वणीहून येऊन तिला पुण्यात चार वर्षं झाली होती. शिक्षणसेवक म्हणून हे तिचं तिसरं वर्ष. जूनमध्ये कायम करायचं की नाही, हे मुख्याध्यापकांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वणीचं घर तिच्याच पगारावर चालत होतं.

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण साठ्ये कधी आवाज चढवत नसत. त्यांनी तिला बोलावलं आणि खुर्ची दाखवली.

"दहावीचा निकाल ऐंशी टक्क्यांवर अडकलाय, हे आपल्याला ठाऊक असेलच. सोलापूर रस्त्याला एवढ्या आयटीच्या इमारती उठल्यात, पण तिथली मंडळी मुलांना आपल्या शाळेच्या दारातसुद्धा आणत नाहीत. कोण नापास होतं ते मला कळायला हवं. नववीची चारशे बारा मुलं आहेत. गुण, पत्ता, वडिलांचा व्यवसाय, मूळ गाव, पुण्यात किती वर्षं. सगळं एका तक्त्यात आणा."

श्रद्धाला हे काम मनापासून आवडलं. ती वर्गावर्गात फिरली. मुलं उत्साहानं सांगत होती. नववी फ मधली शालू तर उभी राहून म्हणाली, "गाव मोझरी, मॅडम. बाबा सेंट्रिंगचं काम करतात. आम्ही साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतो." मग जरा थांबून तिनं विचारलं, "हे कशाला हवं?"

"तुमच्यासाठीच," श्रद्धा म्हणाली.

तिला ते खरंच वाटत होतं. तीन आठवड्यांनी तक्ता पुरा झाला आणि तिनं तो गुणांप्रमाणे लावला. तळाच्या सत्तर मुलांपैकी एकसष्ट मुलं पत्र्याच्या खोल्यांमधली निघाली. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर हलणारी. पण तिला आणखी एक गोष्ट दिसली. त्याच वस्तीतली जी मुलं तीन वर्षं एका जागी टिकली होती, त्यांचे गुण इतरांच्या बरोबरीनं होते. तिनं तक्त्याला एक पानाचं टिपण जोडलं. 'वास्तव्याचा अल्प कालावधी हेच अपयशाचं प्रमुख कारण दिसतं. या विद्यार्थ्यांना रोज एक जादा तास दिल्यास दोन वर्षांत फरक पडेल.'

साठ्ये सरांनी टिपण दोनदा वाचलं. "उत्तम. मला अगदी हेच हवं होतं."

जादा तासांचं वेळापत्रक काही लागलं नाही. तिनं दोनदा आठवण करून दिली. "बघू," सर म्हणाले, आणि दोन्ही वेळा हसले.

एप्रिलमध्ये नववीचे निकाल लागले, तसे ऑफिसबाहेरच्या बाकावर पालक दिसू लागले. रोज पाच-सहा. कुणाच्या पायाला सिमेंट, कुणाच्या कडेवर मूल. एकेकाला आत बोलावलं जाई आणि दहा मिनिटांत तो बाहेर येई. कुणी भांडत नव्हतं. चहाचे रिकामे कप तेवढे शिपाई घेऊन जाई. पालकसभेला कधी न येणारी माणसं आता येताहेत, म्हणून सुरुवातीला श्रद्धाला बरंच वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की बाकावरची माणसं तिच्या तक्त्याच्या क्रमानं येताहेत. अगदी तळापासून वर.

शुक्रवारी शालूची आई, इंदुबाई, जिन्यात तिची वाट बघत उभी होती. हातात एक छापील कागद होता.

"मॅडम, हे काय लिवून हाय? पोरगी आज कामावर आली हाय मायासंग, नाईतं तिलेच इचारलं असतं. सायेब म्हणले, सही करा, पोरगी घरून अभ्यास करन अन् परीक्षेले बसन."

श्रद्धानं कागद वाचला. पाल्यास स्वेच्छेने शाळेतून काढत आहोत. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसवू. म्हणजे शालू नापास झाली, तरी ते शाळेच्या निकालात मोजलं जाणार नव्हतं. खाली कारण छापलेलं होतं: वास्तव्याचा अल्प कालावधी.

तिनं कागद इंदुबाईला परत दिला.

"सही करू नका," ती म्हणाली, आणि पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरची भाषा आली. "बिलकूल करू नोका, मावशी. तुमच्या सहीबिगर थे पोरीले काढू शकत नाई."

इंदुबाईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुमी तिकडल्या का जी?"

"वणीची."

"मंग मी सांगू सायबाले, मॅडमनं नाई म्हटलं म्हून?"

श्रद्धा म्हणाली, "सांगा."

इंदुबाई आत गेली. श्रद्धा व्हरांड्यात थांबली. आतून आवाज आला नाही, फक्त "बसा, चहा घ्या" एवढं ऐकू आलं. दहा मिनिटांनी इंदुबाई बाहेर आली, तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"केली सही," ती म्हणाली.

"का पण?"

"सायेब म्हणले, सही नाई केली तं जूनमंदी मॅडमची नोकरी जाईन. माही पोरगी तं अशीबी कामाले लागन, मॅडम. तुमच्या घरी कोन कमावते?" पदर सावरून ती जिना उतरली.

त्याच संध्याकाळी श्रद्धा साइटवर गेली. शालूला तिनं रोज आपल्या घरी शिकायला बोलावलं, आणि ती आलीही, पुस्तकं ओढणीत बांधून. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मुकादमानं त्यांच्या टोळीला वाघोलीकडे हलवलं आणि पत्ता कुणालाच सांगता आला नाही.

जूनमध्ये श्रद्धा कायम झाली. दहावीचे आठ वर्ग सहा झाले. पुढच्या वर्षी निकाल सत्त्याण्णव टक्के लागला. फाटकावर फलक झळकला, आणि प्रवेशासाठी मोटारींची रांग लागली.

"या वर्षी आठवीपासूनच करू," साठ्ये सर म्हणाले. "तक्ता आपणच करा. आपला हात बसलाय."

श्रद्धा नाही म्हणाली नाही. पण या वेळी मूळ गावाच्या रकान्यात तिनं सर्वांपुढे 'पुणे' लिहिलं, आणि वास्तव्यापुढे 'जन्मापासून'. पाचशे तीस मुलं. त्या रात्री वर्षभरात प्रथमच तिला जेवण गोड लागलं.

साठ्ये सरांनी तक्ता वरून खाली पाहिला. चष्मा काढला, पुसला.

"वा! सगळेच पुणेकर. शहराची भरभराट झाली म्हणायची." त्यांनी पान उलटलं आणि बोट पत्त्यांच्या रकान्यावरून हळूहळू खाली नेलं. एका जागी ते थांबलं. 'पत्र्याच्या खोल्या, साइट क्रमांक तीन.' मग पुढे सरकलं, पुन्हा थांबलं.

"पत्ते मात्र खरे लिहिलेत आपण," ते सौम्यपणे म्हणाले, आणि खिशातून लाल पेन काढलं.