णारळाचा पाठ

साळूबाईला परीक्षा पास व्हायची होती, ती मास्तरीण होण्याची हौस होती म्हणून नव्हे. हौस पोट भरलेल्या माणसाला असते. तिला तिची लेक परत हवी होती, आणि लेकीकडे जायची वाट नाशकातल्या बायकांच्या ट्रेनिंग क्लासातून जात होती, एवढंच.

नवरा निफाडाकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होता. चुलीपुढे बसवून त्यानेच तिला शिकवलं, मराठी फायनलला बसवलं, आणि ती पास झाली त्याच साली तो विषमज्वराने गेला. मागे राहिली अडीच वर्षांची मैना. माहेर म्हणावं असं साळूला कुणी उरलं नव्हतं. थोरला दीर पुंजा माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला.

"दोन वरसं जाय, शीक," तो म्हणाला. "पोरगी ऱ्हाईल हितं. मास्तरीन झाली तर लेक तुझी, घिऊन जाय. नाय झाली तर नवसाआक्का नेईल तिला मनमाडला. आक्काची वटी रिकामी हाय, अन् या पोरीला तरी बापामागं कोन हाय?"

नवसाआक्का म्हणजे साळूची नणंद. नवरा रेल्वेत, राहायला पक्की खोली, देवाने फक्त मूल तेवढं दिलं नव्हतं. बाई मायाळू होती. साळूला तिची धास्ती वाटायची ती त्यामुळेच. छळणाऱ्या माणसाकडून लेकरू पळून तरी येतं, माया करणाऱ्याकडून कशाला येईल?

आता लोकांना वाटतं, बिगारीच्या, म्हणजे सगळ्यांत लहान पोरांच्या वर्गाची मास्तरीण व्हायला लागतं काय? पोरांची नाकं पुसायची आणि बाराखडी घोकून घ्यायची. तसं नसतं. आधी फायनल, मग दोन वर्षांचं ट्रेनिंग, त्यात रोजच्या पाठाचं टाचण लिहायचं, फळ्यावर खडू न करकरता अक्षर काढायचं, चिकणमातीची फळं करायची, अंगविक्षेपांसह गाणी म्हणायची, आणि शेवटी परीक्षकासमोर खऱ्याखुऱ्या पोरांवर एक पाठ घेऊन दाखवायचा. त्या पाठात आपटलं की बाकीचं सगळं पाण्यात. साळूला हे सगळं येत होतं. पोरं तर तिच्याभोवती अशी जमायची की बाकीच्या बायका जळायच्या. तिचं घोडं अडलं होतं ते एका अक्षरापाशी.

क्लासच्या मुख्य बाई मंगलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पानी नव्हे, पाणी. कोन नव्हे, कोण. जीभ वळवा, टाळूला लावा. मोठ्या वर्गाच्या मास्तरणीचं एक वेळ चालेल, बिगारीच्या नाही. लहान पोराच्या तोंडी जे बसतं ते जन्मभर निघत नाही."

दोन वर्षं साळू जीभ वळवत राहिली. भांडी घासताना पाणी, वेणी घालताना वेणी, जेवताना लोणी, जरी ताटात लोणी कधी नसलं तरी. तोंड दुखून यायचं. आणि या दोन वर्षांत तिने आपल्या मनाशी एक नियम बसवून टाकला. मंगलाबाई 'न' म्हटल्याबद्दल शंभरदा रागावल्या होत्या, 'ण' म्हटल्याबद्दल एकदाही नाही. म्हणजे ण हे शहाण्यांचं अक्षर आणि न हे अडाण्यांचं. अडाणी या शब्दातही ण असतो हे बिचारीच्या ध्यानात आलं नाही. शांत असली की ती आता अगदी शहरातल्या बाईसारखी बोले. घाबरली की मात्र तिचा नियम मदतीला धावून येई: शंका आली की ण म्हणावं. घाबरायची वेळ फारशी आली नाही, म्हणून हे कुणाला कळलंही नाही.

चैत्रात परीक्षा लागली. लेखी पेपर छान गेले. पाठाच्या आदल्या दिवशी पुंजाचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'आक्का आखाजीच्या सणाला माहेरी येत आहे. तुमचा निकाल काय तो कळवावा. मैना खुशाल आहे. पहिल्याने तुमच्या नावाने रडत असे, आता रडत नाही.'

शेवटचं वाक्य पुंजाने चांगल्या मनाने घातलं असणार. साळूने ते वाचलं. दिवसभर तिला दुसरं काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांनी पाठाच्या अक्षराची चिठ्ठी उचलायला लावली. चिठ्ठीत 'न' निघाला. साळूला हायसं वाटलं. 'न' तर जन्मापासूनचा, त्यात काय चुकणार? कपाटातून नारळ घेतला आणि वर्गात गेली. तीसेक पोरं मांडी घालून बसली होती, मागे खुर्चीवर परीक्षक वही उघडून, दारापाशी मंगलाबाई. तिने फळ्यावर टपोरा 'न' काढला. इतका सुरेख की परीक्षकांनी मान हलवली.

मग तिने नारळ वर धरला, आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ते कार्ड आलं. आता रडत नाही. ती घाबरली. नारळाला काय म्हणतात? आपण घरी नारळ म्हणायचो. घरी म्हणायचो म्हणजे चूकच असणार.

"मुलांणो," ती म्हणाली, "हा णारळ."

दाराशी मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. साळूला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

पुढच्या रांगेतली शकीला नावाची मुलगी म्हणाली, "बाई, नारळ."

"असं णाही म्हणायचं, बाळ." साळू तिच्यापुढे खाली बसली, प्रेमाने तिची हनुवटी धरली. "जीभ वळव. वर लाव. हां. णारळ."

शकीलाने प्रामाणिकपणे जीभ वळवली. "णारळ."

"शाब्बास."

पुढची वीस मिनिटं साळूने जो पाठ घेतला तसा त्या क्लासात कुणी घेतला नसेल. नारळ सगळ्यांच्या हातातून फिरवला, हलवून पाणी ऐकवलं, चालीवर गाणं म्हणवलं, लाजणाऱ्या पोरांना बोलतं केलं. पाठ संपला तेव्हा एकही पोर असं राहिलं नव्हतं की जे फळ्यावरच्या 'न'वर बोट ठेवून खणखणीत 'ण' म्हणत नव्हतं. शिकवणारी चांगली असली की असं होतं.

बाहेर व्हरांड्यात मंगलाबाईंनी तिला काय झालं ते सांगितलं. साळू मग धावत परीक्षकांकडे गेली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, लेकीची सगळी हकिगत सांगितली आणि एक पाठ पुन्हा घेऊ द्या म्हणून पदर पसरला. परीक्षक वयस्क होते, त्यांनाही नातवंडं असावीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमच्यासारखं शिकवताना मी कुणाला पाहिलं नाही," ते म्हणाले. "म्हणूनच पास करता येत नाही. दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर पोरं विसरली असती. तुमची विसरणार नाहीत. पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष पुंजाच्या पंचांगात नव्हतं. साळूने गावी येऊन त्याला किती विनवलं ते सांगण्यात अर्थ नाही. "मी सबूद दिला हाय आक्काला," एवढंच तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघत राहिला.

आखाजी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवसाआक्काला घेऊन बैलगाडी निफाड स्टेशनाकडे निघाली. मैना नवं परकर-पोलकं घालून गाडीत मागे बसली होती. आगगाडी बघायला मिळणार म्हणून खुशीत होती. साळूने ठरवलं होतं की हसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पण चाकं हलली आणि ती गाडीमागे धावली. दोन वर्षांत इतकी ती कधी भ्यालेली नव्हती.

"मैणे," तिने हाक मारली. "मैणा, थांब गं."

मैना गाडीच्या कडेला सरकली आणि आईकडे नवलाने बघू लागली. मग तिला हसू आलं. साडेचार वर्षांची पोर ती, आईला एवढं साधं येत नाही याची तिला गंमत वाटली.

"मैणा नाय गं आय," ती समजावून म्हणाली. "मैना. म्हन बरं. मै-ना."

"मैना," साळू धावता धावता म्हणाली.

"आता आलं," मैना म्हणाली. "परत म्हन."

गाडी ओढ्याच्या वळणाला लागेपर्यंत साळू म्हणत राहिली.