सावलीकडची फुलं

"हे तुमचं परत घ्या," असं म्हणत बाईंनी पाण्याने टम्म फुगलेली पिशवी काउंटरवर ठेवली.

पारख्याला त्या वेळी कुणी बोललेलं आवडत नसे. दुकानातले निळे दिवे नुकतेच लागले होते आणि टाक्यांमधली जिवंत पोवळी फुलांसारखी एकेक करून उमलत होती. पण बाई जुन्या गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडून बसलेल्या. विनाकारण कटकट करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"मेलं की काय?" त्याने विचारलं.

"मरतंय कशाला! चांगलं फोफावलंय. म्हणूनच आणलं. मागच्या आठवड्यात तुम्ही मला हे मातकट म्हणून दिलंत, मातकटाच्या भावात. घरी लावलं तर निळंभोर, आणि मधोमध केशरी टिकली. पिशव्यांची अदलाबदल झाली असणार. तुमचं नुकसान माझ्या टाकीत कशाला वाढवू?"

पारख्याने पिशवी उचलून दिव्यापुढे धरली. आत बोटाएवढ्या खड्यावर शर्टाच्या गुंड्यांसारखी चार-पाच फुलं तोंडं उघडून बसली होती. त्याने पिशवी जवळ घेतली, लांब धरली, फिरवून पाहिली. त्याला ती मातकटच दिसली.

"अदलाबदल कसली," तो हसून म्हणाला. "जुन्या गिऱ्हाइकाला कधीमधी असं देतो आम्ही. ठेवा तुम्हाला."

"मग आधी सांगायचं नाही का? मी आपली रात्रभर चोरासारखी तळमळले!" बाई पिशवी घेऊन खुशीत निघून गेल्या.

दुकानाच्या मागच्या दारात बुड्या काठीवर भार देऊन उभा होता. तो पारख्याचा धाकटा भाऊ. पायांच्या उपचारासाठी आठवडाभर बाहेर राहून आदल्या रात्रीच घरी परतला होता. त्याने बाईंचं सगळं बोलणं ऐकलं होतं. पारख्याने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागच्या खोलीत वळला.

या धंद्यात पारख्याचा शब्द शेवटचा होता. ही गुंडीसारखी पोवळी फुलागणिक विकतात आणि भाव ठरतो रंगावर. तेच फूल, तोच आकार. पण काठाला हिरवी रेघ असली तर एक भाव, पोटाशी सोनेरी शिंतोडे असले तर दुसरा, आणि एखादा कुठेच न पाहिलेला रंग निघाला तर मागाल ती किंमत. दुसरे दुकानदार पिशव्या घेऊन त्याच्याकडे यायचे. तो बघायचा, एक आकडा बोलायचा आणि कुणी त्यावर हूं की चूं करायचं नाही. त्याला त्याचा ताठाही होता. का नसावा? गावात पैशाने मोठी माणसं पुष्कळ होती, डोळ्याने मोठा तो एकटा होता.

दोघा भावांचा धंदा सुरू झाला तो होडीतून. तेव्हा समुद्रातून पोवळी चिकटलेले दगड काढायला बंदी नव्हती. बुड्या बुडी मारून खाली उतरायचा, पारखी होडीत बसायचा. खोल पाण्यात रंग कळत नाहीत. लाल, केशरी सगळं राखी होऊन जातं. बुड्या नुसत्या आकारावरून दगड उचलायचा, वर येऊन होडीच्या काठाला लटकायचा आणि तोंडातली नळी काढून आधी विचारायचा, "दादा, काय रंग?" पारखी दगडावर पाणी ओतून ओरडायचा, "जांभळा! काठ हिरवा!" मग बुड्या असा हसायचा, जणू तो रंग पारख्यानेच दगडाला दिला होता.

शेवटच्या खेपेला खाली हवा संपत आली, म्हणून बुड्या फार वेगाने वर आला. खोलातून असं एकदम वर येणं अंगाला सोसत नाही. दगड मात्र त्याने सोडला नव्हता. त्या दिवसापासून त्याचे पाय कायमचे गेले. काठीच्या आधाराने घरात-दुकानात फिरेल, एवढेच उरले. तो दगड पारख्याने कधी विकला नाही. मागच्या खोलीतल्या टाकीत ठेवला. त्याला दोघे भाऊ 'मूळ' म्हणायचे. त्यावरची फुलं वाढली की थोडी कापून विकायची आणि मूळ तसंच ठेवायचं. तसा हिरव्या काठाचा जांभळा रंग आजवर दुसऱ्या कुणाकडे निघाला नव्हता. बुड्याची औषधं, घराचं छप्पर, पारख्याच्या मुलीचं शिक्षण, सगळं त्या एका दगडाने निभावलं. संध्याकाळी दुकान बंद झालं की बुड्या त्या टाकीपुढे खुर्ची ओढून बसे. समुद्राचं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

"दादा." मागच्या खोलीतून हाक आली. "जरा इकडे ये."

पारखी गेला. बुड्याने काचेला तळहात टेकले होते.

"दिवा कुणी वाढवला?"

"मी. कोण वाढवणार दुसरं?" पारखी म्हणाला. "मूळ तपकिरी पडत चाललं होतं. उजेड कमी पडला की पोवळं तपकिरी पडतं, हे काय मी तुला सांगायला हवं? रोज थोडा थोडा वाढवत नेला. तरी आज मिटलंय कसं, कोण जाणे."

"मिटलेलं नाही दादा. जळलंय. पांढरं पडलंय सगळं. तुला दिसत नाही?"

पारख्याने वाकून पाहिलं. त्याला मळकट पिवळा दगड दिसत होता. दगडावर काही सुकल्यासारखं चिकटलं होतं.

"पण तपकिरी पडलं होतं ना," तो पुन्हा म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खाली आला.

"नव्हतं पडलं. मी जायच्या दिवशी सकाळीसुद्धा बघितलंय. जसं होतं तसंच होतं."

"मग मला..."

बुड्याने खाली पाहिलं. "तू गेले कित्येक महिने रात्री दिवा वाढवतोस. मी सकाळी उठून तो पुन्हा खाली आणायचो. या वेळी मी नव्हतो."

पारखी भिंतीशी असलेल्या उलट्या बादलीवर बसला. तिथून त्याने विचारलं, "आणि पुढच्या टाक्यांवरच्या माझ्या रंगांच्या चिठ्ठ्या?"

"त्याही बदलायचो."

"सगळ्या?"

"निळ्या आणि जांभळ्या. बाकीच्या बऱ्याचशा तू बरोबर लिहायचास."

पारख्याच्या अंगाचा आधी तिळपापड झाला. आपल्या पाठीमागे आपल्याच दुकानात! मग त्याला आठवलं, की सकाळी दुकान उघडायच्या आधी बुड्याची काठी फरशीवर वाजताना अंथरुणातून ऐकू येई. त्याला वाटे, पाय मोकळे करतोय. ते पाय ओढत हा एकेका टाकीपुढे जात होता, भावाची अब्रू झाकायला. पारख्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याला रडू आवरेना.

"मला बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?" बुड्या म्हणाला. "पण बोलायला हवं होतं, दादा. तू चिडला असतास, चार दिवस अबोला धरला असतास. मूळ तरी राहिलं असतं."

पारख्याची बायको चहा घेऊन आली होती. दोघांची तोंडं बघून ती दारातच थांबली. मग तिने कप खाली ठेवले, टाकीत डोकावली आणि काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. नवरा गेले काही महिने निळा टॉवेल मागितला की राखाडी आणून देत होता. तिला वाटलं होतं, लक्ष नाही म्हाताऱ्याचं, आणि तिने त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवली होती.

"चपला घाला," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जायचंय."

"संध्याकाळी बघू."

"आत्ता. भाऊजी, दुकान बघा. आणि तो दिवा आधी कमी करा."

डोळ्यांच्या डॉक्टरने बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू पिकून पिवळा झालाय, तो काढता येईल, असं त्याने सांगितलं. पण मागचा पडदाही झिजलाय. माणसं दिसतील, पायऱ्या दिसतील, पेपर वाचाल. रंगांचं मात्र खात्रीने सांगत नाही.

"रंगांचं काम आहे का तुमचं?" डॉक्टरने विचारलं.

"होतं," पारखी म्हणाला. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. येताना वाटभर तिने तो सोडला नाही.

परत आले तेव्हा बुड्याने मूळ टाकीतून काढून खाऱ्या पाण्याच्या परातीत उलटं ठेवलं होतं. तोंड उजळलं होतं त्याचं.

"दादा, सावलीकडे बघ! दगडाच्या पोटाशी काही जिवंत आहेत. उजेड पोचलाच नाही तिथे."

पोटाशी वाढलेल्या त्या फुलांकडे पारख्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अंधारात वाढलेली, लांबुडक्या मानेची, कळा नसलेली. त्यांना भाव येत नसे.

"सडलेल्यांच्या शेजारी ती रात्र काढणार नाहीत," तो म्हणाला. "आत्ताच कापायला हवं. चष्मे आण."

दोघांनी हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मे बसवले. कापताना या फुलांच्या अंगातून विषारी पाणी उडतं. बुड्याचा हात अपघातापासून थरथरायचा, म्हणून सुरी नेहमी पारख्याच्या हातात असे. हात त्याचा अजूनही दगडासारखा स्थिर होता. पण त्याने सुरी टेकवली आणि तो थांबला. जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं, त्याला कळत नव्हतं. सगळं एकाच रंगाचं होतं.

"जरा डावीकडे," बुड्या हळूच म्हणाला. "ते नाही. त्याच्या पलीकडचं. हां. त्याच्या मुळाशी."

पारख्याने कापलं.

"आता खाली. दोन जोडीने आहेत. मधून जाऊ नकोस, बाहेरून ये."

असं एकेक सांगत आणि एकेक कापत ते काम चाललं. पारख्याची बायको दारात उभी राहून बघत होती. एकदा ती म्हणाली, "दिवा जवळ धरू का?" पारखी नको म्हणाला. दिव्याचा आता काही उपयोग नव्हता. सुटलेली फुलं त्यांनी दगडाच्या नव्या खड्यावर चिकटवली आणि खडा स्वच्छ टाकीत, तळाशी, मंद उजेडात ठेवला. मूळ दगड परातीत तसाच राहिला. तो पुन्हा पाण्यात जाणार नव्हता. बुड्याने त्यावर ओलं फडकं टाकलं आणि थोडा वेळ हात तसाच वर ठेवला.

मग दोघे टाकीपुढे बसले. कापलेलं फूल लगेच उघडत नाही, कधी उघडतच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायको जेवायला हाक मारून गेली, दुसऱ्यांदाही मारून गेली.

"उघडतंय," बुड्या म्हणाला. "एक उघडतंय, दादा."

पारखी काचेवर वाकला. पाण्यात काहीतरी लहानसं हललं, गोल झालं. तपकिरी.

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला.

"काय रंग?" त्याने विचारलं.

बुड्याने चमकून भावाकडे पाहिलं. मग तो काचेकडे वळला आणि होडीच्या काठाला लटकलेल्या माणसाला ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "जांभळा. काठ हिरवा."

पारखी ते तपकिरी फूल बघत राहिला.

"बरोबर," तो म्हणाला.