श्मोकर्न

मित्रांनो, मी एक जुनं जर्मन पुस्तक आहे. औरंगाबादच्या रद्दीच्या ढिगातून मला सपनानं उचललं. ती तिथं जर्मन शिकत होती. वाचताना ती माझ्या समासात पेन्सिलीनं मराठीत लिहायची. कधी शब्दाचा अर्थ, कधी मनातलं काही. इतक्या प्रेमानं मला कुणी वाचलं नव्हतं.

१९९७च्या सुट्टीत ती मला पुसेगावच्या घरी कोनाड्यात विसरून गेली. तिच्या वडिलांना, भिवाजींना, वाचता येत नव्हतं. ते माझं एकेक पान फाडून सुरळी करायचे, चुलीत धरायचे आणि बिडी पेटवायचे. मला ओरडता येत नव्हतं.

सपना परत आली. मला पाहून मटकन खाली बसली.

"बाबा, माझं पुस्तक काहून फाडलं?"

"मला वाटलं रद्दी हाय, पोरी." भिवाजींचा चेहरा उतरला.

तो चेहरा पाहून तिनं डोळे पुसले. "जाऊ द्या. जुनं पुस्तक घेऊन तहानभूक विसरून वाचत बसणं, त्याला जर्मन लोक 'श्मोकर्न' म्हणतात. शब्द कुठून आला, ठावं हाय? तिकडच्या एका बोलीत 'स्मोकन' म्हंजी धूर काढणं. लोक जुन्या पुस्तकाची पानं फाडून चिलीम पेटवायचे. असल्या पुस्तकाला 'श्मोकर' म्हणू लागले, अन् ते वाचणं झालं श्मोकर्न."

"म्हंजी तिकडं बी माझ्यासारखेच हायेत व्हय?"

दोघंही हसले. निघताना तिनं मला त्यांच्याच हाती दिलं. "आता तुमीच सांभाळा."

पुढच्या उन्हाळ्यात घरी येताना सेनगावजवळ तिची जीप उलटली. सपना गेली.

भिवाजींनी बिडी सोडली. कित्येक महिने ते नुसतं माझ्यातल्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट फिरवत बसायचे. एका दुपारी ते मला बालवाडीच्या शकुबाईंकडे घेऊन गेले.

"बाई, लेकराच्या हातचं वाचून दावा."

शकुबाईंनी उरलेलं पहिलं पान उघडलं. समासात वरच लिहिलं होतं, "...तिथं बाबांना घेऊन जाईन. नको म्हणतील, तरी नेईन."

"कुठं?"

शकुबाईंनी पान मागं उलटलं. तिथं फक्त फाटक्या कडा होत्या.

"ते आधीच्या पानावर असंल, भिवाजीदादा."

भिवाजींनी त्या फाटक्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुना वाचा."

मित्रांनो, भाषा कळत नाही म्हणून कुठल्याही पुस्तकाला रद्दी समजू नका. पान फाडण्याआधी समासात नजर टाका. तिथं कुणीतरी तुमच्याबद्दल लिहिलेलं असेल. भिवाजी अजूनही मला काखेत धरून शिकलेल्या माणसांना विचारतात, "माझी सपना मला कुठं नेणार व्हती?"