अर्धा खिळा

सुतारानं शेवटचा खिळा अर्धाच ठोकला आणि हातोडी खाली ठेवली. प्लायवूडचा चौथा ट्रान्स्फॉर्मर तयार झाला.

खरा ट्रान्स्फॉर्मर कुंपणापलीकडे वीजकेंद्रात, वाळूच्या गोण्या आणि पाण्याच्या फवाऱ्यांमागे गुरगुरत होता. त्याच्या राखणीला दोस्तराष्ट्राची पलटण येऊन राहिली होती. लोक त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. शत्रूची ड्रोन विमानं उष्णता हुंगत येत, म्हणून सुतारानं खोटे ट्रान्स्फॉर्मर करायचे, त्यांच्या पोटात कोळशाची शेगडी पेटवायची आणि शत्रूनं ते फोडायचे. तीन फुटून झाले होते. काम इतकं हुबेहूब, की वीजखात्याचा एक फिटर पहिल्यात तेल कमी असल्याची तक्रार लिहून गेला होता. शपथेवर सांगणारे आजही भेटतात.

“शेवटचा खिळा अर्धा का?” पाहुण्यांच्या कप्तानानं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

“पुरं झालेलं काम मरणाच्या डोळ्यांत भरतं, साहेब.”

“पण तिन्ही फुटले.”

“अर्ध्यावर निभावलं. पुरता ठोकला असता तर तुम्ही-आम्हीही उडालो असतो!”

कप्तान पोट धरून हसला. मग नकाशावर बोट टेकवून म्हणाला, “चौथा इथे.”

बोट कामगार वसाहतीच्या मागे होतं. तिथलं शेवटचं घर सुताराच्या धाकट्या बहिणीचं.

“तिथं माणसं राहतात, साहेब.”

“माणसं हलतील.”

“बहिणीची सासू अंथरुणाला खिळलीय. तिला कुठं हलवणार?”

“केंद्र गेलं तर चार शहरं अंधारात. इस्पितळंसुद्धा.” कप्तानानं नकाशा गुंडाळला. “तीन वाजता शेगडी पेटव.”

ट्रकमधून चौथ्या ट्रान्स्फॉर्मरचं खोकं उतरवताना बहीण दारात आली.

“दादा, माझ्या उशाशी काय आणून ठेवलंस हे?”

“पाण्याची टाकी आहे.”

“मला शिकवतोस? तुझा अर्धा खिळा दिसतोय की!”

सुतारानं खिशातला खडू चाचपला. आतून म्हातारी पाणी मागत होती.

तीनला त्यानं शेगडी पेटवली, पण खोक्यात ठेवली नाही. पत्र्याखाली झाकून, मैदान तुडवत ती पाहुण्यांच्या कोठाराकडे नेली आणि मागच्या भिंतीलगत ठेवून पत्रा काढून घेतला. दुपारी तिथं चिटपाखरू नसे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वीस मिनिटांनी ड्रोन आलं. आधी शिवणयंत्रासारखी घरघर, मग कोठाराचं छप्पर अख्खंच्या अख्खं उठलं आणि हवेत उलटं झालं. पिठाच्या गोण्या पेटल्या. त्या आगीतून पाहुण्यांचा आचारी धावत बाहेर आला. त्याला खांद्यापासून एक हात नव्हता, केस जळत होते, आणि तो कुणाला तरी हाक मारत होता. दहा पावलांवर तो गुडघ्यांवर बसला, आणि मग बसलेलाच राहिला. सावलीला झोपलेल्या एका शिपायाचा फक्त बूट सापडला. बुटात पाय होता.

म्हातारीला साखर आवडते म्हणून हाच आचारी सुताराच्या पिशवीत गुपचूप पुडी टाकायचा.

दुसऱ्या सकाळी कप्तान कानाला पट्टी बांधून आला.

“दोन पेट्या.”

सुतार उरलेल्या प्लायवूडला लागला. आचाऱ्याचं माप अंदाजानं घेतलं. दुसऱ्या पेटीसाठी त्यानं दोरी हातात धरली, पण तिचं दुसरं टोक कशाला लावायचं ते कळेना. शेवटी त्यानं स्वतःचंच माप घेतलं. कप्तान उभा राहून बघत होता.

दुपारपर्यंत दोन्ही झाकणं बसली. दुसऱ्यावरचा शेवटचा खिळा हाताच्या सवयीनं अर्धाच राहिला.

कप्तानानं हातोडी उचलली आणि तो खिळा एका घावात आत घातला. मग खिशातून रुमाल काढून पेटीवर उलगडला. आत शेगडीची वाकलेली, काळी पडलेली मूठ होती.

दोघांपैकी कुणीच तिला हात लावला नाही.

“खोकं तिथेच राहील,” कप्तान म्हणाला. “आज शेगडी मी पेटवतो. तीन वाजता.”

सुतारानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. करवत, रंधा, हातोडी पिशवीत भरली आणि तो वसाहतीच्या शेवटच्या घराकडे चालू लागला. बहीण ओट्यावर धान्य निवडत होती.

“आज वाट चुकलास का, दादा?”

“जेवायचं वाढ,” तो म्हणाला, आणि खोक्याकडे पाठ करून, म्हातारीच्या खाटेला टेकून बसला. “घाई नाही मला.”