टाकी ओतली तेव्हा

माझी सख्खी बहीण माझ्या घरी पाण्याचा घोट घेत नाही. भांडण नाही, काही नाही. एका सहलीतल्या पाण्याने तिला कावीळ झाली, कित्येक महिने अंथरुणात गेले, आणि तेव्हापासून ताई जाईल तिथे घरच्या पाण्याची स्टीलची बाटली घेऊन जाते. माझ्याकडे येते, पोटभर जेवते, वर भाजीत मीठ कमी आहे असंही सुनावते. पाणी मात्र स्वतःचं. स्वच्छतेच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, आणि बहिणीलाच ते पटू नये, हे मला फार लागायचं.

म्हणून आम्ही आत झोपायची नि पाण्याच्या टाकीची सोय असलेली जुनी कॅम्पर व्हॅन घेतली तेव्हा मी तिला तळ्याकाठी मुक्कामाला चल म्हणून गळ घातली. "येते," ती म्हणाली, "पण पाणी माझं." दोन मोठे कॅन घेऊन आली.

"आण बापडी," मी म्हटलं, "परत नेताना जड होतील, सांगून ठेवते."

व्हॅनची टाकी मी निघण्याआधीच धुतली होती. क्लोरीनचं औषध मापात घालून टाकी भरायची, वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडायचा, म्हणजे आतल्या नळ्याही धुतल्या जातात. काही तास तशीच ठेवायची, मग रिकामी करून वास जाईपर्यंत खळखळून काढायची. पाणी भरायचा निळा पाइपही वेगळा. त्यात किडामुंगी जाऊ नये म्हणून त्याची दोन्ही तोंडं मी एकमेकांना जोडून ठेवते. नवरा म्हणतो, एवढी काळजी त्याचीसुद्धा कुणी घेतली नाही.

तिथे पोचल्यावर मी व्हॅनपुढे ताडपत्री बांधत होते आणि नवरा नळावर टाकी भरत होता. बांधून आले, तर टाकी भरलेली आणि निळ्या पाइपच्या तोंडाला चिखल. शेजारीच लोक सांडपाणी ओतत होते.

"अहो, हे काय?"

"मध्येच सुटून पडला. परत लावला. झटकला की चांगला!"

"झटकला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हळू बोल. ताईंना कळलं तर जन्मात तुझं पाणी पिणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याचं खोटं नव्हतं. ताई व्हॅनच्या पलीकडे खुर्ची टाकून बसली होती, बाटली मांडीवर. मी गप्प बसले असते तर कदाचित त्याच दिवशी जिंकले असते. पण तिला पुन्हा कावीळ झाली असती तर? मी खाली वाकले आणि टाकीचं बूच काढलं. भरली टाकी ताईच्या पायापर्यंत वाहत गेली.

"काय गं झालं?"

"पाइप घाणीत पडला होता. हे पाणी बाद. टाकी पुन्हा धुणार."

ताईने पाय तेवढे वर घेतले.

मग दुपारभर आमचा तोच उद्योग. आधी पाइप धुतला, मग तेच औषध, तेच नळ. पलीकडच्या तंबूतले गृहस्थ येऊन विचारून गेले, "तळं धुवायला कधी घेताय?" नवऱ्याने मुकाट्याने नळ सोडले. चहा ताईच्या कॅनमधल्या पाण्याचा झाला, आणि तो मला कडू लागला.

उन्हं उतरली तेव्हा टाकीत ताजं पाणी होतं. मी ग्लास भरला, वास घेतला, आधी स्वतः प्यायले. ताई उठली. बाटलीतलं पाणी तिने झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामी बाटली माझ्यापुढे धरली.

"भर."

"अगं, कॅन आहेत ना तुझे?"

"त्या सहलीतही कुणाचा तरी पाइप पडला असेल," ती म्हणाली, "आणि त्यानेही झटकला असेल."

म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. मी बाटली भरली. ताई तिथेच उभ्याने गटागटा प्यायली आणि बाटली पुन्हा पुढे केली. एवढा अभिमान मला कशाचाच वाटलेला नाही. डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

चहापुरतं पाणी सोडलं तर दोन्ही कॅन भरलेलेच परत गेले. जिना चढून ते तिच्या स्वयंपाकघरात मीच नेऊन ठेवले, धापा टाकत आणि मोठ्या तोऱ्यात.